पोराला कुणाच्या जहाजावर बसवायचं: जेकच्या की सांतियागोच्या?

‘जेक अँड द नेव्हर लँड पायरेट्स’ आणि ‘सांतियागो ऑफ द सीज’ या दोन्ही कार्टून मालिका शाळेत जाऊ लागलेल्या किंवा जाणार असलेल्या मुलांसाठी आहेत. दोन्हींत कप्तान म्हणजे एक पोरगाच, आणि हे ‘चांगले’ चाचे कधी कुणाला लुटत नाहीत. (इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचे ठरवलं, तसल्या इतिहासाची इथे अपेक्षाच ठेवू नका.) निवड करायची ती मुलाचं वय आणि आजूबाजूची भाषा बघून.

डिस्नेची ‘जेक अँड द नेव्हर लँड पायरेट्स’ २०११ ते २०१६ या काळात चालली. खलनायक कॅप्टन हुक हा जेक, इझी आणि कबी या पोरांची एखादी वस्तू पळवतो. ती परत मिळवताना वाटेत अडचणी येतात, एकेक सुटली की सोन्याची नाणी मिळतात आणि शेवटी ती मोजून पेटीत टाकायची. गणित म्हणाल तर एवढंच. पण शेजारी बसून तुम्ही मराठीत मोजलंत तर तीन वर्षांचं पोर सहज सूर धरतं. मला स्वतःला नाण्यांपेक्षा इझीची परीधूळ जास्त आवडते. ती उधळली की उडता येतं, पण अगदीच अडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. त्यामुळे आधी कबीचा नकाशा, मग डोकं, आणि जादू सगळ्यात शेवटी. हुकही इतका फजितखोर की रात्री कुणी दचकून उठणार नाही. खटकतं ते प्रत्येक कामाला मिळणारं बक्षीस. उद्या खेळणी आवरून झाल्यावर नाण्यासाठी हात पुढे आला, तर नवल नको!

निकलोडियनची ‘सांतियागो ऑफ द सीज’ २०२० मध्ये आली. आठ वर्षांचा सांतियागो, तोमास, जलपरी लोरेलाय आणि किको बेडूक यांचं जग कॅरिबियन बेटांचं आहे. नेव्हर लँड कुठेच नसतं, कॅरिबियन समुद्र मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. तिथलं संगीत, खाणं, घरातली माणसं गोष्टीत मिसळून येतात, म्हणून मजकूर म्हणून हीच मालिका भरीव. सांतियागो प्रेक्षकांकडे वळून प्रश्न विचारतो, स्पॅनिश शब्द म्हणायला लावतो. पण पुण्या-नाशकातल्या मुलाच्या कानावर मराठी, हिंदी, इंग्रजी आधीच आदळत असते. चौथ्या भाषेतले शब्द ते हौसेने म्हणेल आणि आठवड्यात विसरेल. टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांचं तसं नाही. तिथे वर्गातल्या मित्राच्या घरी स्पॅनिश बोलली जात असेल, तर शब्द लगेच वापरात येतात.

अक्षरओळख यातली कुठलीच मालिका करून देत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मी जेकच दाखवेन. एका भागात बहुतेकदा दोन छोट्या गोष्टी असतात, त्यामुळे एक संपली की फारशी रडारड न होता टीव्ही बंद करता येतो. पाचच्या पुढच्याला सांतियागो, तेही भिंतीवर जगाचा नकाशा लावून.