सिरॅमिक कोळशाचा ग्रिल: वर्षभर वापरल्यावर सांगतो, आधी झाकणाची पट्टी बघा

झाकणाखालची नमद्याची (फेल्टची) पट्टी करपून सुटायला लागली तेव्हा दुकानदार फोनवर एवढंच म्हणाला, "पट्टी वॉरंटीत येत नाही." वस्तू हजार डॉलरच्या पुढची. सिरॅमिकवर आयुष्यभराची हमी. आणि ज्या पट्टीवर सगळा खेळ आहे ती मात्र ‘झिजणारा भाग’! त्या दिवसापासून हे लिहायचं होतं. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देत नाही. पहिला सिरॅमिक ग्रिल घेणाऱ्याला नावापेक्षा हा नियम माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरामागे लहानसं अंगण आहे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर १८ इंची मॉडेल घेतलं, आता पुन्हा उन्हाळा आलाय. आकार, स्टँड, चाकं यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. चार माणसांच्या घराला १८ इंच पुरतात. पाहुणे असले तर दोन खेपा कराव्या लागतात, बस.

पट्टीचं एवढं काय, असं वाटेल. प्रेशर कुकरची रिंग गेली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, इथेही तोच प्रकार. सिरॅमिक ग्रिलमध्ये आच ठरते ती आत येणाऱ्या हवेवर. खालच्या झडपेतून हवा शिरते, वरच्या झरोक्यातून बाहेर पडते, आणि जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. म्हणून तर २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ सेल्सियसवर, एकदा कोळसा भरून मटणाची रान तासन् तास मंद शिजत ठेवता येते. ती आच धरायची तर दोन्ही झरोके जेमतेम उघडे ठेवावे लागतात. अशा वेळी झाकणाच्या कडेने थोडी जरी हवा शिरली तरी काटा २२५ वर थांबत नाही. तो २७५ ला जातो, मग ३०० ला, आणि तुम्ही झडपा मिटत बसता. तापलेलं सिरॅमिक लवकर निवत नाही, त्यामुळे चढलेली आच उतरवायला फार वेळ जातो.

माझा खरा संताप मात्र कोळशामुळे झाला. मी हा ग्रिल घेतला त्याचं मोठं कारण काटकसर होतं. स्वयंपाक झाला की वरचं-खालचं दोन्ही बंद करायचं, हवेअभावी आग विझते, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. आमच्या आधीच्या पातळ पत्र्याच्या ग्रिलमध्ये जेवणं आटोपली तरी निखारे फुकट जळत राहायचे, ते बघवत नसे. नव्या ग्रिलमध्ये पहिले काही महिने सकाळी झाकण उघडलं की अर्ध्याहून जास्त कोळसा तसाच असायचा. राख ढवळून झाडायची, वर थोडा नवा कोळसा घालायचा, की पुन्हा तयार. लाकडी कोळशाची मोठी पिशवी इतकी पुरायची की बायकोला वाटलं मी गुपचूप दुसरी आणून ठेवतोय.

पट्टी एका बाजूने सुटली आणि हे सगळं संपलं. रात्री दोन्ही झरोके घट्ट बंद करूनही आग आतल्या आत धुमसत राहायची. सकाळी तळाशी फक्त राख. म्हणजे पट्टी गेली की स्वयंपाक बिघडतो त्याहून जास्त कोळसा जातो, आणि ते पैसे कुठल्याही वॉरंटीत मोजले जात नाहीत.

पट्टी जळते ती जास्त आचेने. नान आणि पिझ्झ्यासाठी दगड ठेवून आपण ६०० अंश फॅरनहाइटच्या वर जातो, म्हणजे ३१५ सेल्सियसच्या पुढे. कडेने ज्वाळा चाटून जातात, नमदा काळा पडतो, कडक होतो, मग पापुद्रे निघतात. दुकानदाराचं म्हणणं, एवढ्या आचेला असं होतंच. पण याच ग्रिलच्या माहितीपत्रकावर पिझ्झ्याचा फोटो आहे. जे करता येईल म्हणून वस्तू विकता, ते केल्यावर जो भाग जातो तो निदान एकदा तरी बदलून द्यायला हवा. हे मी त्यांना ईमेलवर लिहिलं, दुकानात जाऊन सांगितलं, आणि आजही मला तेच म्हणायचंय.

शेवटी पट्टी विकत घेतली आणि स्वतःच बदलली. या वेळी नमद्याऐवजी काचतंतूची जाळीदार पट्टी लावली. काही कंपन्या आता मुळातच अशी पट्टी देतात, ती जास्त आच सोसते. काम सोपं आहे, पण घाई चालत नाही. जुनी पट्टी पात्याने खरवडायची, राहिलेला चिकटा अ‍ॅसिटोनने पुसायचा, कडा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ग्रिल थंडगार असावा आणि जवळपास आग नसावी, अ‍ॅसिटोन भडकतं. नवी पट्टी ताणून लावायची नाही, कारण ताणलेली पट्टी तापली की आखडते आणि जोडावर फट पडते. जोड मागे, बिजागरीकडे घ्यायचा. रात्रभर झाकण मिटून ठेवायचं आणि पहिली आग मंदच करायची.

मग नोटेची परीक्षा. झाकणाच्या कडेत डॉलरची नोट धरायची, झाकण मिटायचं आणि नोट हळूच ओढायची. अडकली पाहिजे. गोल फिरत सगळीकडे हेच करायचं. माझ्याकडे डाव्या बाजूला नोट अलगद निघाली, म्हणजे दोष फक्त पट्टीत नव्हता. झाकण आणि खालचं भांडं धरून ठेवणारे पोलादी पट्टे किंचित सरकले होते. ते सैल केले, झाकण नीट बसवलं, पुन्हा आवळले, मग नोट सगळीकडे अडकली. नवा ग्रिल घरी आला त्याच दिवशी ही परीक्षा करा, आणि नोट निसटली तर दुकानदाराला तेव्हाच बोलवा. झाकण वाकडं बसलेलं असेल तर एका बाजूने गरम हवा सुटत राहते आणि पट्टी तिथेच आधी जळते.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं तेव्हा माझं मत सरळ होतं: आयुष्यभराची हमी म्हणजे नुसते शब्द. मग हिवाळ्यात आतल्या फायरबॉक्सला, म्हणजे ज्यात कोळसा जळतो त्या भांड्याला, उभी चीर गेली. सिरॅमिकचा फायरबॉक्स तापून प्रसरण पावतो, त्यामुळे चिरा जाणं या ग्रिलमध्ये नवीन नाही. कामाडो जो या कंपनीने तो अनेक तुकड्यांचा केलाय तो यासाठीच. मी वाद घालायच्या तयारीने फोटो, पावती आणि नोंदणी क्रमांक पाठवला. एकही उलट प्रश्न न विचारता नवा फायरबॉक्स मंजूर झाला आणि काही आठवड्यांत दुकानात आला. पैसे शून्य. तेव्हा मत बदलावं लागलं: सिरॅमिकवरची हमी खरी आहे, फक्त ती सिरॅमिकपुरतीच आहे. पावती जपा आणि ग्रिल घेतल्या घेतल्या नोंदणी करा. हमी सहसा पहिल्या मालकालाच लागू असते, म्हणून जुना ग्रिल स्वस्तात मिळाला तर ती मिळणार नाही असं धरूनच भाव करा.

एका बाबतीत तक्रारीला जागाच नाही, आणि ते म्हणजे भरीत. माझ्या सासूबाई जळगावच्या. तिकडे भरताची वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजतात. इथे आल्यावर त्यांनी ग्रिल बघितला आणि म्हणाल्या, "जाळीवर कशाला, निखाऱ्यातच घाला." इथल्या जाड जांभळ्या वांग्यांना टोचे मारून ती थेट निखाऱ्यांवर ठेवली, झाकण मिटून मधूनमधून फिरवली. साल पूर्ण काळी, आतला गर लोण्यासारखा मऊ, आणि धुराचा वास थेट गरात. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आमच्या घरात त्यानंतर झालेलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, पऱ्हाटीचा वास वेगळाच, पण हे त्याच्या जवळ जातं. त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं फार आहे.

नव्या माणसाला काही गोष्टी कोणीतरी सांगायलाच हव्यात. कोळसा पेटवायला पेट्रोलजन्य द्रव वापरू नका, सिरॅमिक सच्छिद्र असतं, तो वास मुरतो आणि जेवणात उतरतो. ब्रिकेटची, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची, राख जास्त होते, ती खालची हवेची वाट बुजवते, म्हणून लाकडी कोळसाच घ्या. आच जास्त असताना झाकण एकदम उघडू नका. हवा आत घुसते आणि ज्वाळेचा भपका तोंडावर येतो. आधी दोनेक इंच उचलून क्षणभर थांबा, मग उघडा. पाऊस आहे म्हणून गॅरेजमध्ये पेटवू नका, दार उघडं असलं तरी नाही, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आणि थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून २१२ दाखवतो का बघा. आमचा बराच कमी दाखवत होता.

आता निवड. बिग ग्रीन एग १९७४ पासून अटलांटातून विकला जातोय, त्याचे सुटे भाग मिळणं सोपं. कामाडो जोमध्ये बऱ्याच जोडवस्तू ग्रिलसोबतच येतात. दोन्ही चांगले आहेत, आणि माझ्या मते या दोघांत डोकं शिणवण्यात अर्थ नाही. एवढे पैसे घालायचे की नाही हेच ठरत नसेल तर चार-ग्रिलर (Char-Griller) कंपनीचा अ‍ॅकॉर्न बघा. तो सिरॅमिक नाही, दुहेरी पोलादी भिंतीचा आहे. हलका आणि खूप स्वस्त, पण गंजाकडे लक्ष ठेवावं लागतं. झरोक्यांवर हात बसायला तो पुरेसा आहे.

दुकानात गेलात की झाकण स्वतः उघडून-मिटून बघा आणि पट्टीला हात लावा. नमदा आहे की जाळीदार, बदलायची पट्टी केवढ्याला, ती आत्ता दुकानात आहे का, फायरबॉक्स एकसंध आहे की तुकड्यांचा, हमीतला जड भाग घरी पोचवतात की आपण उचलून आणायचा, हे विचारा. आमचा फायरबॉक्स मी आणि शेजाऱ्याने मिळून गाडीत घातला. पट्टीच्या पैशांबद्दल मी पाठवलेल्या शेवटच्या ईमेलला उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत मी विचारत राहणार आहे.