वजनकाटा, आठ महिने आणि गौरीजेवणाचे पावणेदोन किलो

जूनमध्ये मागवलेला काचेचा डिजिटल वजनकाटा, किंमत चौदाशेच्या आसपास. आठ महिने रोज सकाळी त्यावर चढतेय. सुरुवात 78.4 किलोला झाली, गेल्या आठवड्याची सरासरी 71.2. मधल्या काळात हा काटा मी दोनदा माळ्यावर टाकला. दोन्ही वेळा चूक त्याची नव्हती.

आधी वस्तूबद्दल. चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतात, त्यामुळे जमीन सपाट आणि टणक हवी. आमच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी जुनी, वरखाली झालेली. तिथे एका मिनिटात तीन आकडे आले. आतल्या खोलीतल्या टाइल्सवर ठेवल्यावर गडी शांत झाला. खात्री करायला पाच किलो तांदळाची न फोडलेली पिशवी उचलून उभी राहिले, फरक बरोबर 5.0. एक खोड मात्र आहे. उतरून लगेच पुन्हा चढलं की मागचाच आकडा तोंडावर फेकतो. पेलाभर पाणी पिऊन चढले तरी ढिम्म. भरलेली कळशी हातात घेऊन एकदा चढायचं, मग कुठे तो नव्याने मोजतो. (कळशी पाहून सासूबाईंनी विचारलं, "हा कुठला नवा व्यायाम गं?")

चरबीचं प्रमाण दाखवतो, ते मी बघणं सोडलं. पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांमधून अगदी बारीक विद्युतप्रवाह अंगातून जातो, त्याला किती विरोध झाला त्यावरून अंदाज बांधला जातो. अंगातलं पाणी, पावलांचा ओलेपणा, सगळ्याने तो बदलतो. एकदा आंघोळीआधी 34.1 टक्के आणि नंतर ओल्या पायांनी 31.8. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी यावर उभं राहायचं नाही, हे सूचनापत्रकात बारीक अक्षरात आहे. ते खरं तर खोक्यावर मोठ्या अक्षरात हवं होतं.

आता मुख्य दुखणं. पहिल्या आठ दिवसांत भात, पोळी, साखर कमी केली आणि 1.9 किलो उतरले. मी हवेत. मैत्रिणींना फोनसुद्धा झाले. पुढे कळलं की शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साठा ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिठूळ खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. म्हणजे फोन करून जे मिरवलं ते बरंचसं पाणी होतं. तेव्हा हे माहीत असतं तर आषाढीला "एकादशी दुप्पट खाशी" झाल्यावर दुसऱ्या दिवशी रडले नसते.

गौरीजेवणाच्या आदल्या सकाळी 74.3. नंतरच्या सकाळी 76.1. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, पापड, वर उरलेलं संपवायचा घरोघरच्या बायकांना जडलेला रोग. काटा माळ्यावर गेला तो तेव्हा पहिल्यांदा. संध्याकाळी नवऱ्याने कागद काढला. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. तुपासकट पोळी 300ची धरली तर, "अगं, रोजचं जेवण सोडून वर शेहेचाळीस पोळ्या खाल्ल्यास का तू?" चार खाल्ल्या होत्या. बाकी होतं ते मिठाने धरलेलं पाणी, भरलेला साठा आणि पोटातलं अजून न पचलेलं अन्न. पाचव्या दिवशी 74.6. चार दिवस उगाच उपाशी राहिले असते, तर त्या घटलेल्या आकड्याचं श्रेय उपासाला दिलं असतं.

त्यानंतर पद्धत बदलली. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच गाउनमध्ये. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. रविवारी सात आकड्यांची सरासरी आणि ती फक्त मागच्या सरासरीशी ताडायची. त्याच कालनिर्णयवर पाळीच्या तारखांवर गोल असतो, त्यामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. पाळीच्या आधी चारपाच दिवस माझं वजन किलोभर वर जातं आणि पाळी आली की आपसूक खाली येतं. चार महिने तेच. आता त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करते.

नोव्हेंबर वाईट गेला. तीन आठवडे सरासरी 73च्या आसपास अडकून बसली. त्यात पर्वती चढायला सुरुवात केली, पोटऱ्या भरून आल्या आणि दुसऱ्या दिवशी वजन 700 ग्रॅम वर! दुखावलेल्या स्नायूंत सूज येते, तीही पाणीच. पण हे सकाळी सहा वाजता, पाय लंगडत असताना, पटत नाही. काटा दुसऱ्यांदा माळ्यावर. त्या दहा दिवसांत शिंप्याकडची टेप कामी आली: बेंबीपाशी ऑक्टोबरमध्ये 96 सेंटिमीटर, नोव्हेंबरअखेर 93. काटा खाली काढला.

ॲपबद्दल तक्रार आहे. वजन 200 ग्रॅम वाढलं तरी लाल बाण आणि "ध्येयापासून दूर" असा संदेश. 200 ग्रॅम म्हणजे पेलाभर पाणी! सूचना बंद केल्या, आता ॲप उघडतही नाही. पूर्वी रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं की वजनाच्या तिकिटावर भविष्य यायचं. ते निदान गोड तरी असायचं.

सेल आठ महिन्यांत एकदाच बदलले. काचेवर चरा नाही. ब्लूटूथ आणि चरबीच्या टक्क्यांसाठी जास्तीचे पैसे दिले ते वाया. याहून निम्म्या किमतीचा, फक्त वजन दाखवणारा काटा पुरतो. रोजचा आकडा पाहून ज्याचं जेवण सुटतं किंवा दिवसभर तोच विषय डोक्यात राहतो, त्याने घेऊच नये. टेप आणि एक जुनी पँट बास.

आज सकाळी 71.9, काल 70.9. रात्री पाहुण्यांबरोबर मिसळ झाली होती, वर दोनदा कट मागून घेतला होता.