पायथनच्या रॅपर क्लासमध्ये अ‍ॅट्रिब्यूटची यादी: कोणता मार्ग निवडावा?

एखाद्या ऑब्जेक्टभोवती रॅपर क्लास लिहून डंडर (नावाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या) गेटअ‍ॅट्रच्या साहाय्याने सगळी कामे आतल्या ऑब्जेक्टकडे सोपवली, तरी नावांची यादी देणारे डिर() चालवल्यावर किंवा शेलमध्ये टॅब दाबल्यावर आतली नावे दिसत नाहीत. डिर() मुळात इन्स्टन्सचा डंडर डिक्ट (त्याच्या स्वतःच्या नावांची डिक्शनरी), त्याचा क्लास आणि त्याचे पूर्वज क्लास एवढेच पाहते. डंडर गेटअ‍ॅट्र मात्र नेहमीचा शोध फसल्यावरच बोलावले जाते, त्यामुळे त्यातून मिळणारी नावे डिर()ला आधी कळण्याचा प्रश्नच येत नाही.

आतले अ‍ॅट्रिब्यूट रॅपरमध्ये नकलून ठेवणे हा मार्ग सोपा दिसतो, पण आतली किंमत बदलली की नक्कल शिळी होते. तो सोडून द्यावा.

उरलेल्या दोन मार्गांपैकी पहिला म्हणजे प्रत्येक मेथड हाताने लिहून काम पुढे सोपवणे. त्यात यादी आपोआप बरोबर येते आणि कोड न चालवता तपासणाऱ्या एडिटरलाही नावे कळतात. शिवाय लांबी सांगणाऱ्या लेन()सारखी फंक्शने डंडर मेथड थेट क्लासवर शोधतात, डंडर गेटअ‍ॅट्रला विचारतच नाहीत. म्हणून अशा मेथड कोणताही मार्ग निवडला तरी हातानेच लिहाव्या लागतात. मोजक्या आणि स्थिर मेथड असतील तर मी हाच मार्ग सुचवेन.

आतला ऑब्जेक्ट मोठा असेल, किंवा कोणता येणार हे आधी ठाऊक नसेल, तर दुसरा मार्ग घ्यावा: डिर() जिला यादी विचारते ती डंडर डिर मेथड क्लासमध्येच लिहावी. इन्स्टन्सला जोडलेली चालत नाही. ही सोय पायथन 2.6 पासून आहे. सुपर()कडून, म्हणजे पूर्वज क्लासकडून, आलेली नावे आणि आतल्या ऑब्जेक्टची नावे एका सेटमध्ये एकत्र करून परत केली की पुरते, क्रम डिर() स्वतः लावते. खरा निर्णय आहे तो काय दाखवायचे याचा. रॅप्ट लायब्ररीचा ऑब्जेक्टप्रॉक्सी फक्त आतल्या ऑब्जेक्टची यादी देतो, कारण त्याला पूर्ण पारदर्शक राहायचे असते; युनिटटेस्टमधील मॉक (चाचणीसाठीचा नकली ऑब्जेक्ट) फक्त उपयोगी नावे ठेवून बाकीची गाळतो आणि फिल्टर_डिर या व्हेरिएबलने ती गाळणी बंदही करता येते. सर्वसाधारण रॅपरसाठी माझा आग्रह असा, की यादीतील नावे आणि डंडर गेटअ‍ॅट्र ज्यांना उत्तर देते ती नावे एकाच नियमातून निघावीत. आतल्या डंडर मेथड, रॅपरने स्वतः लिहिलेल्या सोडून, यादीतून वगळाव्यात. नाहीतर यादीत डंडर लेन दिसते आणि लेन() मात्र टाइपएरर देते.

इन्स्पेक्ट मॉड्यूलचे गेटमेंबर्स() यादीतील प्रत्येक नावाची किंमत खरोखर मागते, त्यामुळे आत एखादी महागडी प्रॉपर्टी असेल तर यादी वाढवताना हा खर्च धरावा. डंडर डिरचा परिणाम कोड चालू असतानाच होतो. कोड न चालवता टाइप तपासणाऱ्या टाइप चेकरला नावे कळायला हवी असतील, तर सोबत स्टब फाइल (फक्त नावे आणि टाइप लिहिलेली फाइल) देता येते.