आइस स्केटच्या ब्लेडसाठी मऊ कापडी कव्हरे: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात मी कन्येच्या शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या छोट्या लंबगोल मार्गावरील वेगाच्या शर्यतीच्या) स्केटसाठी ब्लेडची मऊ कव्हरे मागवली. आतून टर्किश टॉवेलसारखे कापड, बाहेरून जाडसर नायलॉन आणि दोन्ही टोकांना इलॅस्टिक, असा हा साधा प्रकार असून खेळाडूंच्या बोलण्यात त्याला ‘सोकर’ म्हणतात. दहा महिन्यांत ही कव्हरे सात वेळा दिल्लीची वारी करून आली, एक पूर्ण पावसाळा त्यांनी आमच्या घरात काढला आणि त्याच पावसाळ्यात ब्लेडला एकदा गंजही लागला. तो का लागला याचा छडा लावता लावता या वस्तूविषयीचे माझे मत बरेच बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कन्येचा रोजचा सराव बडोद्यातच, चाकांच्या इनलाइन स्केटवर होतो. बर्फासाठी आम्ही पाच-सहा आठवड्यांतून एकदा गुरुग्रामच्या ॲम्बियन्स मॉलमधील ‘आयस्केट’ या रिंकवर जातो, दोन-तीन दिवस सराव करतो आणि संध्याकाळी निजामुद्दीनहून राजधानी पकडून पहाटे बडोद्यास उतरतो. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली देहरादूनची रिंक बराच काळ बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तिथे जाण्याचा योग अजून आलेला नाही. म्हणजे हिशेब केला तर ब्लेड तीन दिवस बर्फावर असते आणि पस्तीस दिवस कपाटात. कव्हरांसोबत येणाऱ्या सूचना मात्र रोज रिंकवर जाणाऱ्या खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. ‘पुसा, कव्हर चढवा, बॅगेत ठेवा’ हे तीन शब्दप्रयोग त्याच्यासाठी पुरेसे असतील. आमच्यासारख्यांसाठी ते अपुरे आहेत, हे मला सात महिने उलटल्यावर कळले.

आधी ब्लेडविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फिगर स्केटिंग किंवा हॉकीच्या ब्लेडला तळाशी लांबीभर पन्हळ असते. शॉर्ट ट्रॅकच्या ब्लेडचा तळ सपाट घासलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना काटकोनी धार असते. जाडी जेमतेम एक मिलिमीटरहून थोडी अधिक. आमच्या ब्लेडचे पोलाद कठीण आहे, धार चांगली धरते, पण ते स्टेनलेस नाही, आणि घासलेल्या तळावर कोणताही मुलामा राहत नाही. वळणावर खेळाडूचा सारा भार याच एका कडेवर येतो. त्या कडेवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी कन्या दुसऱ्या फेरीतच सांगते, “बाबा, डावा पाय सुटतोय.”

धार लावण्याचे काम घरी माझ्याकडेच आहे. दोन्ही स्केट उलटे करून एकाच जिगमध्ये, म्हणजे पाती घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत, शेजारीशेजारी आवळायचे आणि दोन्ही पात्यांवरून मिळून स्टोन, म्हणजे धार लावण्याचा दगड, ओढायचा, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे डाग एका पात्यावर पडला तरी झिजवावी लागतात दोन्ही पाती. गंज लागणे म्हणजे ब्लेडचे आयुष्य कमी होणे, हे गणित इतके सरळ असल्यामुळे कव्हरांवर पैसे घालण्यास माझी मुळीच हरकत नव्हती.

बर्फावरून उतरलेले ब्लेड पुसल्यावरही पुन्हा ओले का होते, हा प्रश्न नवख्या पालकांना हमखास पडतो. रिंकमधील बर्फाचे तापमान शून्याच्या पाच-सात अंश खाली असते आणि ब्लेडही तितकेच गार झालेले असते. मॉलमधील हवा २४ अंशांची आणि आर्द्रता ५० टक्के धरली, तर साधारण १३ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही धातूवर त्या हवेतील बाष्प दवासारखे जमते. तुम्ही फडक्याने ब्लेड लख्ख पुसता, बुटाची नाडी सोडेपर्यंत त्यावर पुन्हा धुके धरलेले असते. पात्याच्या वरच्या नळीच्या खोबणीत आणि स्क्रूंच्या भोवती अडकलेला बर्फाचा चुरा वितळून आणखी अर्ध्या तासाने खाली उतरतो. हे उशिरा येणारे पाणी टिपणे, हेच मऊ कव्हराचे खरे काम आहे.

ते काम या कव्हरांनी उत्तम केले, हे मोकळेपणाने मान्य करतो. मार्चच्या वारीत मी स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत नेला होता (घरच्यांनी यथेच्छ थट्टा केली). निघण्यापूर्वी दोन्ही कव्हरांचे मिळून वजन ५८ ग्रॅम होते. रिंकवर ब्लेड पुसून कव्हरे चढवली आणि गाडीत बसल्यावर काढून पाहिले, तर ते ६१ ग्रॅम भरले. तीन ग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण चमचा पाणी. पण ते ब्लेडवर राहिले असते तर रात्रभरात काय झाले असते, ते मी कव्हरे घेण्यापूर्वी दोनदा पाहिलेले आहे. रिंकमधून निघून घरचे कुलूप उघडेपर्यंत आम्हाला पंधरा तास तरी लागतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतच्या चार प्रवासांत घरी पोहोचल्यावर ब्लेडवर एकही डाग दिसला नाही.

मग आला जुलै. त्या वेळी गाडी चार तास उशिरा पोहोचली, घरी आल्या आल्या मला मकरपुऱ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे होते, आणि कव्हरे चढवलेली आहेत म्हणजे ब्लेड सुरक्षित आहेत या समजुतीने मी स्केटची बॅग जशीच्या तशी कपाटात ठेवली. ती उघडली तीन आठवड्यांनी. कव्हर ओढून काढताना ते किंचित चिकटल्यासारखे वाटले. ब्लेड खिडकीपाशी नेऊन पाहिले, तर तळाच्या मध्यावर एका सरळ रेषेत तपकिरी ठिपके उमटलेले होते, आणि त्या ठिपक्यांमधले अंतर शिवणीच्या टाक्यांइतकेच होते. कव्हर उलटे करून पाहिल्यावर उलगडा झाला. त्याची शिवण बरोबर तळाच्या मध्यावरून गेलेली आहे. तिथे कापडाचे चार पदर एकत्र येतात आणि तेवढी जागा सर्वांत उशिरा वाळते. प्रत्येक टाक्याने ब्लेडवर आपली खूण केली होती. ती घालवण्यासाठी स्टोनचे नेहमीच्या तिपटीहून अधिक हात मारावे लागले आणि डाव्या पात्यावरचे दोन खड्डे तरीही राहिले. ते आजही आहेत.

चूक माझीच होती, यात शंका नाही. पण ती केवळ ओले कव्हर न काढण्याची होती असे मला वाटत होते, आणि तेवढेच कारण असते तर हा लेख इथेच संपला असता. कव्हरे धुऊन, पंख्याखाली दोन दिवस वाळवून, मी सहज पुन्हा काट्यावर ठेवली. वजन भरले ६१ ग्रॅम. मला वाटले काटा बिघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तरी तेवढेच. म्हणजे जुलैतले आमचे ‘कोरडे’ कव्हर मार्चमधल्या ओल्या कव्हराइतकेच जड होते.

याचे कारण सुताच्या गुणधर्मात आहे. नेहमीच्या प्रमाणित हवेतही, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो, आणि हवा जितकी दमट होईल तितके हे प्रमाण चढत जाते. पॉलिएस्टरच्या बाबतीत हाच आकडा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. ज्या गुणामुळे टॉवेल ब्लेडवरचे पाणी चटकन ओढून घेतो, त्याच गुणामुळे तो श्रावणातल्या बडोद्याच्या हवेतूनही पाणी घेत राहतो आणि ते धारेला टेकवून ठेवतो. पोलादाला गंजण्यासाठी पाण्याचा थेंब दिसावा लागत नाही. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढू लागतो. आर्द्रता ओळखण्यासाठी वेगळे उपकरण विकत घेण्याची गरज नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटू लागले म्हणजे हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली, असे समजावे. पोलादाच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हापासून आमच्या घरी कव्हर ही प्रवासाची वस्तू ठरली आहे. घरात पाऊल टाकल्यावर चहाच्या आधी कव्हरे निघतात. ब्लेड तासभर पंख्याखाली राहते, कारण रेल्वेच्या एसी डब्यातून आलेल्या गार धातूवर बडोद्याच्या पहाटेच्या हवेत नव्याने दव धरते. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २५ अंशांचे ब्लेडदेखील घाम आल्यासारखे ओले होते. त्यानंतर कोरड्या फडक्याने पुसून त्यावर तेलाचा पातळ हात. माझी आई पावसाळ्यात विळीच्या पात्याला खोबरेल लावते आणि तिची विळी चाळीस वर्षे टिकली आहे, पण ब्लेडला मी शिलाई मशीनचे तेल वापरतो. खोबरेल जानेवारीत थिजते आणि काही दिवसांनी चिकट होते, शिवाय बर्फावर उतरण्यापूर्वी ते पूर्ण पुसून निघत नाही. तेल लावलेल्या ब्लेडवर कव्हर मात्र कदापि चढवू नये. कापडाने एकदा तेल प्याले की पाणी टिपण्याची त्याची ताकद जाते, आणि पुढच्या वारीत ते कव्हर नुसते शोभेचे उरते. माझ्या एका कव्हराची टाच अशीच वाया गेली. दोनदा साबणाने धुऊनही तिथे पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो.

तेलाच्या वर मी कारखान्यातली एक सवय जोडली आहे. तासलेले सुटे भाग पाठवताना आम्ही त्यांना व्हीसीआय कागदात गुंडाळतो. या कागदातून हळूहळू बाहेर पडणारे रसायन धातूवर अतिशय पातळ थर धरते आणि गंज रोखते. त्या कागदाची पट्टी ब्लेडवर दुमडून वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली, की पस्तीस दिवसांची काळजी मिटते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पाती स्वच्छ निघाली.

आता मूळ वस्तूच्या बनावटीविषयी. बाजारात सहज मिळणारी बहुतेक कव्हरे फिगर आणि हॉकी स्केटच्या मापाची असतात. आमची १६ इंचांची पाती त्यांत बसत नाहीत, आणि बळेच ताणून बसवली तर इलॅस्टिक टोकावरून निसटते. मी घेतलेली जोडी लांब पात्यांसाठीची होती, तिला टपालखर्च धरून सोळाशे रुपये पडले. माप चांगले बसले. बाहेरचे नायलॉन दिसायला देखणे आहे आणि बॅगेतल्या कपड्यांना धारेपासून वाचवते, पण आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही, हा त्याचा मोठा दोष मानतो. तळाची शिवण मध्यावर घेणे ही सरळसरळ रचनेतली चूक आहे. ती बाजूला घेतली असती तर माझे दोन खड्डे टळले असते. चौथ्या महिन्यापासून टाचेकडच्या कापडाचे फेर धारेने कापले जाऊ लागले आणि आता तिथे बोट जाईल एवढे भोक आहे. तळाला पट्ट्याचा एक जाड थर देणे विक्रेत्याला अवघड नव्हते. मी तसे कळवले, त्यावर उत्तर आले नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये मी एक सोलापुरी टॉवेल घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या शिंपीकाकांकडे गेलो. ब्लेडचा कागदी नमुना त्यांनी दोन्ही हातांत धरून वर-खाली पाहिला आणि विचारले, “काय हो, तलवारीला म्यान शिवायचंय का?” ब्लेड कसे असते ते सांगितल्यावर शिवण बाजूला घेण्याची सूचना मी करण्याआधी त्यांनीच केली आणि तळाला बॅगेच्या पट्ट्याचा तुकडा आतून लावून दिला. नायलॉन नाही, दोन्हीकडून टॉवेलच. शिलाई आणि टॉवेल मिळून तीनशे वीस रुपये झाले. नवा टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत पाणी नीट ओढत नाही, म्हणून शिवण्यापूर्वी तो चार वेळा धुवून घेतला होता. कपडे मऊ करणारे द्रव धुताना अजिबात वापरले नाही, कारण त्याचा थर धाग्यावर बसला की टॉवेलचा टॉवेलपणाच जातो. ही जोडी दोन प्रवासांत विकतच्या जोडीपेक्षा लवकर वाळली. इलॅस्टिक मात्र थोडे ढिले आहे, ते बदलावे लागेल.

प्लॅस्टिकच्या कडक गार्डविषयी एवढेच सांगतो की ते बर्फापर्यंत चालत जाण्यासाठी आहेत. त्यांच्या खोबणीत पाणी आणि वाळू दोन्ही साठतात, आणि त्यांत ब्लेड रात्रभर ठेवणे म्हणजे गंजाला घरी बोलावणे होय.

विकत घ्यावीत का, असे विचाराल तर रोज किंवा दिवसाआड रिंकवर जाणाऱ्यांनी निःशंक घ्यावीत. फक्त तळाची शिवण आणि जाड थर पाहून घ्यावा, आणि शक्य असल्यास दोन जोड्या ठेवाव्यात, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येते. आमच्यासारखे दूरच्या गावाहून जाणारे असाल तर सोळाशे रुपये खर्च करू नका. टॉवेल आणि चांगला शिंपी पुरेसा आहे, वाचलेल्या पैशांत जिगसाठी बारीक स्टोन येतो. विकतची जोडी मी टाकलेली नाही. टाचेचे भोक शिवून ती आता कन्येच्या जुन्या, लहान झालेल्या स्केटवर जाते, जे स्केट तिची मैत्रीण पुढच्या वारीला घेऊन येणार आहे. तिच्या आईला कव्हर देताना व्हीसीआय कागदाच्या दोन पट्ट्याही दिल्या आहेत.