'चेम्मीन' आणि 'अन्नयुम रसूलुम': दोन किनारे

दोन्ही मल्याळम चित्रपटांत नायक मुसलमान, नायिका परधर्मीय आणि शेजारी समुद्र आहे. तरीही प्रेमाला होणारा विरोध दोन्हींकडे सारखा नाही. रामू करिआट यांच्या 'चेम्मीन'मध्ये (१९६५) किनाऱ्यावरची बायको पतिव्रता राहिली तरच दर्यावर गेलेला नवरा सुखरूप परततो, ही कोळ्यांची श्रद्धाच नायिका करुत्तम्माला जखडते. त्यातच होडी-जाळ्यासाठी तिच्या बापाने तिच्या प्रियकराकडून, व्यापारी परीकुट्टीकडून, घेतलेली आणि फेडायची टाळलेली उधारी या प्रेमाला व्यवहाराची कडवट किनार लावते. मला हा धागा प्रेमकथेइतकाच महत्त्वाचा वाटतो. रात्री वाळूत बसून गाणाऱ्या परीकुट्टीला मन्ना डे यांचा आवाज आहे, आणि ती हाक झोपडीत निजलेल्या करुत्तम्मापर्यंत पोहोचते.

राजीव रवी यांच्या 'अन्नयुम रसूलुम'मध्ये (२०१३) मात्र दैवी कोप नाही; आहेत ते घरचे, शेजारपाजारचे आणि त्यांचे हात. टॅक्सीचालक रसूल कापडदुकानात काम करणाऱ्या अन्नाच्या मागे कोचीच्या फेरीबोटीत चढतो, आणि कितीतरी वेळ नुसत्या नजरानजरेवर कथा चालते. ही संथ चाल काहींना कंटाळवाणी वाटेल. अभिनयातल्या संयमासाठी मी दुसरा चित्रपट निवडेन. पण समुद्राला खरोखर पात्र करून दाखवणे पहिल्यालाच साधले आहे.