बेड फुकट मिळाला, चाकं मात्र आपली आपण बघा

आजारी माणसाचं साहित्य फुकट वापरायला देणाऱ्या एका ट्रस्टला ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली येतंयच. ट्रस्टचं नाव मुद्दाम लिहीत नाय, कारण तक्रारपण करायचीय आणि मंडळी मनापासून काम करणारी आहेत.

जूनमध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. बारा दिवस रत्नागिरीत अ‍ॅडमिट, तेराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले घरी न्या, पण डोक्याकडून वर होणारा बेड पाहिजे आणि त्यावर एअर बेड, म्हणजे पंपाने ओळीओळीने फुगणारी गादी पाहिजे, नायतर पडून पडून पाठीला जखमा, बेडसोर होतील. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, भाड्याचा आकडा ऐकून आई गप्पच बसली. मग वाडीतल्या एका काकांनी सांगितलं की तालुक्याला देणगीवर चालणारं रुग्णसाहित्य केंद्र आहे, वस्तू वापरायला देतात, भाडं नाय.

देवळाच्या मागे एक गाळा, अर्धं शटर वर. डॉक्टरांची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स, ओळखीला एक माणूस आणि दोन हजार डिपॉझिट, वहीत सही केली की झालं. पंधरा मिनिटं लागली असतील. उत्पन्नाचा दाखला मागितला नाय, आणि हे मला सगळ्यात आवडलं. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असा नियम आहे, चांगलाच आहे, पण तिथे कागद दाखवायला लागतात आणि आपला माणूस स्ट्रेचरवर असताना कपाटातली फाईल शोधायला गावाला कोण पळणार.

आता आतलं चित्र. प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. बेडवर, कमोड चेअरवर, सलाईन स्टँडच्या त्या एवढ्याशा दांड्यावरसुद्धा. व्हीलचेअर मोजल्या तर नऊ, त्यात दोन्ही ब्रेक लागणाऱ्या चार. आम्हाला मिळालेल्या बेडला तीनच चाकं, चौथ्या पायाखाली लाकडाचा ठोकळा. वही सांभाळणारे काका म्हणाले की व्हीलचेअर सगळेच देतात हो, फोटो चांगला येतो, पण ब्रेकच्या वायरला आणि ग्रीसला पैसे कोण देत नाय. स्टार इथेच कापला, पण खरं सांगायचं तर तो ट्रस्टचा नाय, आपला देणाऱ्यांचाच कापायला हवा.

कोपऱ्यात कोविडच्या वेळी आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकावर एक रचलेले. त्या मशीनच्या आत झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात, पण त्या दाण्यांना ओल सोसत नाय. कोकणातल्या पावसात मशीन नुसतं बंद पडून राहिलं तर दाणे ओलावा धरतात, मग मशीन घरघरतं छान पण नळीतून नुसती हवाच जास्त येते. अधूनमधून चालू करायला पाहिजे, फिल्टर साफ पाहिजे, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर येतोय का ते मीटर लावून बघायला पाहिजे. हे सगळं करायला पगारी माणूस लागतो. त्याच्या पगारावर कोणाच्या आजोबांचं नाव कसं लिहिणार?

बेड छोट्या हत्तीतून आणला, भाडं आमचं. रस्ता संपतो तिथून पाखाडीने साठेक पायऱ्या खाली, वाडीतल्या पाच पोरांनी पावसात लोखंडी बेड उतरवला, पडवीत चिरा सरकवून लेव्हल केला. एअर बेडने तिसऱ्या रात्री दगा दिला. पंप चालू, दिवा हिरवा, पण मधली एक ओळ फुगेचना. आईला ते कळलं कारण फिजिओने शिकवलं होतं तसं ती एअर बेडच्या खाली तळहात सरकवून बघायची, बाबांचं माकडहाड हाताला टेकलं तर हवा कमी. सकाळी फोन केला, काकांनी एका शब्दाने हुज्जत न घालता दुसरा दिला, पण आमची फेरी आणि पेट्रोल गेलंच. देण्याआधी तिथेच तासभर फुगवून ठेवला असता तर? आणि लाईट गेली की पंप बंद, म्हणजे एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाय, हे नेणाऱ्यांनी डोक्यात ठेवा.

पाठीला एक जखम झाली नाय. सप्टेंबरात बेड परत केला, आता बाबा वॉकरवर आहेत, तोपण तिथलाच.

परत करताना देणगी दिली. टॅक्समध्ये वजावटीसाठी लागणारी ८०जीची पावती मिळते. दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्यावर वजावट नाय म्हणून यूपीआय केलं, नंतर कळलं की मी टॅक्सच्या नव्या पद्धतीत आहे, तिथे ८०जी चालतच नाय, असो. पावतीवर ‘दुरुस्ती खर्चासाठी’ असं लिहून घेतलं. आईचं मन काय मानेना, बेड आपण घेऊन देऊया आणि ह्यांचं नाव घालूया म्हणत होती. बाबांची जीभ अजून जड आहे पण हे वाक्य एकदम क्लिअर आलं, “मी मेलो नाय अजून, नाव कसलं घालता!”

जाणाऱ्यांसाठी, संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं, फोन करून जा. व्हीलचेअर घेताना दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा, एअर बेड तिथेच फुगवायला सांगा. आणि टेम्पोत बांधायला दोरी घरून न्या, त्यांच्याकडे नसते.