केळीचे पैसे बुडवणारा कायदा शिकून आला होता

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळीचे पैसे बुडवून व्यापारी पळाला, ही आता बातमीही राहिलेली नाही. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव येतंच. २०२५ च्या मे महिन्यात आमचं आलं. पण आमचा माणूस पळाला नाही. तो फोन उचलत होता, आप्पा-आप्पा म्हणत होता, मधूनमधून पाच हजार पाठवतही होता. म्हणूनच तो जास्त महागात पडला, आणि म्हणूनच हे लिहितोय.

आमचा मृगबाग होता, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली केळी, जात जी-नाइन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वर वादळाची टांगती तलवार. घड भरला की कापावाच लागतो, झाडावर पिकला की मातीमोल. हे व्यापाऱ्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं. हा गावातल्याच एका दलालाला घेऊन आला. बोर्डाच्या, म्हणजे बाजारात जाहीर होणाऱ्या, भावापेक्षा क्विंटलमागे दीडशे रुपये वर देतो म्हणाला, दांड्यापोटी वजनातून होणारी कटतीही कमी. पहिली गाडी भरली, पैसे वजनकाट्यावरच रोख मोजले. दुसरीला निम्मे रोख, निम्म्याचा चेक, तो वटलाही. मग एकाच आठवड्यात गावातल्या आणि शिवारालगतच्या बऱ्याच जणांचा माल त्याने धडाधड उचलला आणि सगळ्यांच्या हातात चेक ठेवले. माझे तीन लाख ऐंशी हजार अडकले.

चेक परत आले तेव्हा आम्ही सगळे पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार अहिराणीतच म्हणाला, "काय व्हयनं भाऊ?" सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल तुम्ही खुशीनं दिला ना? त्यानं थोडेफार पैसे दिले ना? मग हा दिवाणी मामला. कोर्टात जा." अर्ज मात्र ठेवून घेतला, त्याच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. आमच्यातले निम्मे लोक तो शिक्का बघून गुन्हा दाखल झाला या आनंदात घरी आले. गुन्हा दाखल झालेला नव्हता. गुन्हा दाखल झाला की गु. र. नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो आणि एफआयआरची प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट द्यावी लागते. शिक्का मारलेला अर्ज म्हणजे नुसता चौकशीवर ठेवलेला कागद.

माझी मावसबहीण तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. तिच्याकडे गेलो तर तिने आधी कोर्टाच्या दारावरची पाटी दाखवली: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. माणूस एकच, खुर्ची एकच. सकाळी बांधाचा दावा चालवतात, दुपारी मारामारीचा खटला. "पण दादा," ती म्हणाली, "दोन्ही वेळेला ते वेगळा प्रश्न विचारतात."

दिवाणीत प्रश्न असतो की कुणाचं कुणाकडे काय निघतं. वादी तू, प्रतिवादी तो, वकील तुझा, कोर्ट फी तुझी. पुरावा असा हवा की तुझं म्हणणं खरं असण्याची शक्यता त्याच्यापेक्षा जास्त वाटावी. जिंकलास तर हुकूमनामा मिळतो, तुरुंग नाही. फौजदारीत गुन्हा सरकारविरुद्धचा धरला जातो. खटला सरकार चालवतं, सरकारी वकील उभा राहतो, तू फक्त फिर्यादी आणि साक्षीदार. तिथे आरोप वाजवी संशयापलीकडे शाबित व्हावा लागतो, आणि झाला तर शिक्षा होते. तुझे पैसे परत देणं हे त्या खटल्याचं मुख्य काम नाही. न्यायालय दंडातून भरपाई देऊ शकतं, पण त्या भरवशावर कर्जाचा हप्ता भरू नये.

एकाच व्यवहारातून दोन्ही निघू शकतात आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. इकडे गेलं की तिकडचं दार बंद, अशीच समजूत.

मग आमची केळी कुठल्या बाजूला? इथेच सगळी गोम आहे. उधारीवर माल घेतला आणि पुढे धंदा बसला म्हणून पैसे देता आले नाहीत, तर तो दिवाणी वाद. माणूस कर्जदार आहे, चोर नाही. पण माल घेतानाच पैसे द्यायचे नव्हते आणि खोटं बोलून माल काढून घेतला, तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. जुनं ४२० तेच. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, लोकांच्या तोंडी चारसोबीसच आहे. ३१८ च्या पोटकलम ४ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. बेइमानी सुरुवातीपासून होती का, एवढ्यावर सगळं अडतं. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, आणि दिवाणी वसुलीला फौजदारीचा मुलामा देऊ नका म्हणून फटकारलंयही. पोलिसांची बाजू सांगायची तर, उधारी वसूल करायला ठाण्याचा वापर करणारेही आपल्यात कमी नाहीत. व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा त्यांना २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने दिली आहे. ठाण्यात चौकशी करतो म्हणाले ते चूक नव्हतं. चौकशी न करताच 'दिवाणी' म्हणाले, ते चूक.

आता त्या पाच-पाच हजारांकडे परत बघा. ते पैसे देणं नव्हतंच, तो पुरावा तयार करत होता. "माझी नियत साफ आहे साहेब, बघा, देतोच आहे." प्रत्येक फोनपेची नोंद त्याला फौजदारीतून एक पाऊल बाहेर काढत होती.

त्याचा सगळ्यात मोठा डाव पुढे होता. पोलिसांत अर्ज गेल्याचं कळताच तो दलालामार्फत निरोप पाठवून स्वतः गावात आला. हात जोडले, मारुतीच्या पारावर बसला, चहा घेतला आणि पाचशेच्या स्टँपवर टाइप करूनच आणलेला समजुतीचा लेख पुढे केला. वरवर बघता सोन्यासारखा कागद: रक्कम मान्य, चार हप्ते, सही, दोन साक्षीदार. बहिणीने तो मोबाइलवर मागवला आणि वाचून दाखवला. त्यात केळीचं नावसुद्धा नव्हतं. गाडी नाही, वजन नाही, चेकचे नंबर नाहीत. 'घरगुती अडचणीकरिता हातउसने घेतलेली रक्कम' एवढंच. आणि शेवटच्या परिच्छेदात: 'लिहून घेणार यांची लिहून देणार यांचेविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही.' म्हणजे केळी घेऊन फसवलं हा भागच कागदावरून पुसला जाणार होता. आमच्यातल्या दोघांनी सह्या केल्या, पहिला हप्ता रोख मिळत होता म्हणून. त्यांना दोष देत नाही, एकाच्या घरात लग्न होतं. पण आज आरोपीचा वकील तोच कागद फडकवतो, आणि त्या दोघांना आधी त्या लेखाशी भांडावं लागतंय.

सही करायचीच असेल तर कागदावर मूळ व्यवहार येऊ द्या: कुठल्या तारखेला, किती क्विंटल, कुठल्या गाडीत, कुठला चेक परत आला. तक्रार नाही हे वाक्य पैसा पूर्ण हातात पडेपर्यंत कापून टाका. रक्कम मान्य असल्याची त्याची सही दिवाणीत मात्र फायद्याची: वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदतीत असताना लेखी कबुली मिळाली की ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.

आम्ही मग बेइमानी सुरुवातीपासूनची होती हे दाखवणारं जे जे सापडेल ते गोळा करत सुटलो. काट्याच्या पावत्यांवर गाडीचे नंबर होते. ड्रायव्हर भेटले, त्यांनी माल कुठे उतरवला ते सांगितलं. माल ज्याच्याकडे उतरला त्या पंजाबातल्या आडत्याने सांगितलं की माल आला त्याच दिवशी विकला, तोही चालू भावापेक्षा खाली, आणि पैसे लगेच चुकते केले. आम्हाला इकडे "माल खाली व्हायचाय, पार्टीनं पेमेंट दिलं नाही" चालू होतं. महाग घ्यायचं आणि स्वस्त विकायचं हा धंदा एकाच माणसाला परवडतो: ज्याला विकत घेतलेल्याचे पैसे द्यायचेच नाहीत. शिवाय चेक परत आले त्या बँकेच्या मेमोवर 'खाते बंद' असा शेरा होता. खातं नेमकं कधी बंद झालं हे बँक आपल्याला सांगत नाही, तपासात पोलीस मागवू शकतात. चेक देण्याआधीच बंद होतं असं निघालं तर त्याला उत्तर नसतं. आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने, एकच थाप. एकट्याचा अर्ज उधारीसारखा दिसतो. सगळ्यांचे शेजारी ठेवले की चित्र बदलतं.

नव्या अर्जात बहिणीने विश्वासघाताचं कलम ३१६ घातलं नाही. दोन्ही ठोकून द्यायची पद्धत आहे, पण विकलेला माल म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेला माल नव्हे. ही दोन कलमं एकाच गोष्टीला एकाच वेळी लागत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ठाण्यात तरीही नोंद होईना, तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला. पोच जपून ठेवली, कारण पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली जायचं झालं तर अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा आणि शपथपत्र लागतं. आमचं तिथवर गेलं नाही. अधीक्षक कार्यालयातून फोन फिरला आणि गुन्हा नोंदला गेला.

त्यानंतर गावाची घोर निराशा झाली. लोकांना वाटलं, आता बेड्या. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेची गरज लेखी दाखवावी लागते, नाहीतर हजर राहण्याची नोटीस. त्याला नोटीस मिळाली, तो हजर झाला, परत गेला. तपास चालू आहे.

पैशासाठी दोन वाटा वेगळ्या धरल्यात. एक चेकची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस त्याला, न दिल्यास पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पोलीस बघतील या आशेवर आमच्यातल्या एकाचे ते ३० दिवस निघून गेले. चेकची मुदत शिल्लक होती, म्हणून पुन्हा बँकेत टाकून नव्याने मोजणी सुरू करता आली. दुसरी वाट वसुलीच्या दाव्याची. त्यात त्याच्या नावावरचा प्लॉट निकालाआधीच जप्त करावा असाही अर्ज दिलाय, कारण तो विकायला काढल्याचं कानावर आलं होतं.

हाच माणूस, किंवा याच चालीचा दुसरा, शहादा-तळोद्याकडे नाहीतर मुक्ताईनगर भागात येऊन गेला असेल, तर काट्याच्या पावत्या, चेकचे मेमो आणि फोनवरचे मेसेज घेऊन आपल्या ठाण्यात स्वतंत्र फिर्याद द्या. गुन्हा नोंदला नाही, तर नकार तोंडी घेऊन परत येऊ नका, टपालाने अधीक्षकांकडे पाठवा. स्टँप घेऊन आला, तर आधी वकिलाला दाखवा.